बायको कागद वाचायची

एम.ए. मराठीला आमच्या कॉलेजात मी पहिला आलो आणि त्याच वर्गात असलेली माझी बायको सेकंड क्लासात पास झाली. लग्नानंतर ही गोष्ट मी किती पाहुण्यांना सांगितली असेल! ती चहा घेऊन यायची, मी हसत हसत सांगायचो, पाहुणे हसायचे, तीही हसायची. त्यात माझं काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलं नाही. पुढं तिच्या त्याच सेकंड क्लासच्या एम.ए.वर आमचं घर चालायला लागलं आणि मी पाहुण्यांना सांगणं बंद केलं.

मी मूळचा साखरखेर्ड्याचा. घरी कापूस. एम.ए. झाल्यावर प्राध्यापकीच्या सेट परीक्षेच्या अभ्यासाला वर्षभर पुण्यात राहिलो. पहिल्याच दिवशी मेसमध्ये मी वाढप्याला म्हणालो, "मले अजून वरण द्या." बाजूच्या टेबलावरची चार पोरं हसली. एकानं माझ्याच सुरात "मले, मले" असं करून दाखवलं. पुढचे दोन दिवस मी मुकाट्यानं जेवलो, हवं ते बोटानं दाखवून मागितलं. मग हळूहळू 'मले' टाकलं, 'का'च्या जागचं 'काऊन' टाकलं, 'पानी'चं 'पाणी' केलं. वर्षानं सेट पास होऊन घरी आलो, तर आई दारातच म्हणाली, "काऊन रे, बिमार पडला होता काय? असा काऊन बोलून राह्यला?"

मला तिचा राग आला नाही. उलट बरं वाटलं. ती भाषा मी कमावली होती. आमच्याकडं कपाशी कधी हाती लागे, कधी नाही. ही भाषा मात्र माझ्याकडून कुणी काढून घेणार नव्हतं.

बुलढाण्याला एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर लागलो. जेवढे तास शिकवले तेवढ्याचे पैसे, तेही कॉलेजकडं येतील तेव्हा. लग्नाच्या पत्रिकेत मात्र 'प्राध्यापक' छापलं. मुलगी देऊळघाटची. वर्गात ती मागच्या बाकावर बसायची आणि माझ्या वह्या उतरवायला न्यायची. तिचे वडील कापूसवाले शेतकरी, मी त्यांना मामा म्हणतो. पोरगा आज ना उद्या पर्मनंट होईल, या भरवशावर त्यांनी मुलगी दिली. एम.ए.च्या शेवटच्या वर्षी तिनं देऊळघाटातल्या शेतीच्या शब्दांवर लघुप्रबंध लिहिला होता. त्या प्रबंधाचं शुद्धलेखन मीच तपासलं. पानंच्या पानं लाल करून दिली. तिनं ती सगळी निमूटपणे पुन्हा लिहून काढली.

कपाशीबद्दल थोडं सांगायला हवं. बीटी बियाणं आलं तेव्हा पहिली काही वर्षं बरी गेली. फवारे कमी लागले, बोंडं भरली, साखरखेर्ड्यात कुडाची घरं जाऊन विटांची आली. माझं कॉलेज त्याच कपाशीवर झालं. मग ज्या अळीसाठी ते बियाणं होतं, तीच अळी त्याला दाद देईनाशी झाली.

अशाच एका वर्षी दिवाळीनंतर आम्ही देऊळघाटला गेलो होतो. मामांनी ओसरीत बसून एक हिरवं बोंड नखानं फोडलं. आत सरकीला चिकटून तांदळाएवढी गुलाबी अळी वळवळत होती.

"पाहा जवाई. बाहेरून काही समजते काय?"

काही समजत नव्हतं. बोंड वरून झकास होतं. मामांनी आत जाऊन दोन कागद आणले. एक बियाण्याच्या पिशवीतलं माहितीपत्रक, दुसरा बियाण्याबद्दल तक्रार करायचा अर्ज आणि त्याच्या मागं छापलेल्या सूचना. "हे जरा वाचून सांगा बरं. गावात सारे विचारून राह्यले का करा लागते म्हून."

मी वाचून दाखवलं. मी चांगलं वाचतो. विरामचिन्हं पाळतो, अक्षरन् अक्षर स्पष्ट. शेजारचे दोघं-तिघंही येऊन बसले होते. दोन्ही कागद संपले तसे मामा मान हलवून म्हणाले, "बरोबर हाय." मग त्यांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली, "बाई, इकडं ये बरं. का म्हनते हे?"

ती पिठाच्या हातांनी आली. हात पुसून कागद घेतले, मनातल्या मनात वाचले. म्हणाली, "तीन गोष्टी हायेत, बाबा. बियान्याची पिशवी आन् बिल फेकू नका. अर्ज कृषी अधिकाऱ्याकडे द्या आन् पोच घ्या. आन् सायेब पाहून जाईस्तोवर पऱ्हाटी उपटू नका. बाकी सारं कंपनीनं आपल्या बचावासाठी लिहून ठेवलं हाय."

"हे असं सांगा ना मंग!" मामा म्हणाले. ते कुणाला उद्देशून बोलले नव्हते.

पऱ्हाटी उपटू नका, हे त्यात कुठं होतं? मी कागद पुन्हा घेतला. होतं. 'निरीक्षणापूर्वी पीक नष्ट करण्यात येऊ नये.' मीच ते मोठ्यानं वाचलं होतं. शेजारच्या एकानं तर दुसऱ्या दिवसापासून शेत मोकळं करायचं ठरवलं होतं. तो माझ्यासमोरच बसून ऐकत होता आणि माझ्या वाचनानं त्याचा बेत बदलला नव्हता.

तिचा भाऊ म्हणाला, "ताई, हे पुन्हा एकडाव सांग. मी मोबाइलात भरतो." तिनं सांगितलं. मागं भांडी वाजत होती, मध्येच कोंबडी ओरडली. ते तसंच गावाच्या ग्रुपवर गेलं.

आठ-दहा दिवसांनी मी बुलढाण्याहून साखरखेर्ड्याला निघालो होतो. एसटीत माझ्या मागच्या सीटवर दोन शेतकरी होते. एकाच्या मोबाइलातून कोंबडीचा आवाज आला आणि पाठोपाठ माझ्या बायकोचा.

"थांब, बंद नोको करू. लय साजरं सांगते हे बाई," दुसरा म्हणाला.

"कोन हाय?"

"का माहीत. देऊळघाटची हाय म्हनते."

मागं वळून 'ती माझी बायको' एवढंच म्हणायचं होतं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. त्यांनी ते तीनदा लावलं. चिखली आली, ते उतरले. माझी दहा वर्षांची मास्तरकी, पण माझं बोलणं कुणी दुसऱ्यांदा लावून ऐकलं असेल असं मला आठवेना. घरी आल्यावर हे मी तिला सांगितलं नाही.

पण ते सांगायला मी एकटाच नव्हतो. आवाज फिरत फिरत पुण्यात पोचला. शेतकऱ्यांना मोबाइलवर सल्ले पाठवणाऱ्या एका कंपनीतून तिला फोन आला. त्यांच्याकडं शास्त्रज्ञ होते, त्यांनी लिहिलेले सल्ले होते, पण शेतकरी ते उघडून पाहत नव्हते. त्यांनी एक पानभर मजकूर पाठवला आणि तो शेतकऱ्याला कळेल असा लिहून मागितला. जमलं तर घरबसल्या नेहमीचं काम मिळणार होतं. ती हरखली. रात्रीची भाकर व्हायच्या आत तिनं लिहून माझ्यापुढं ठेवलं. "तुम्ही एकडाव पाहून द्या ना."

मी पाहून दिलं. 'फवारा मारा' काढून 'फवारणी करावी' केलं. 'पऱ्हाटी' काढून 'कपाशीचे पीक' केलं. तिची आखूड वाक्यं एकमेकांना जोडून एक एक लांब वाक्य केलं. तिनं वाचलं, म्हणाली, "साजरं झालं," आणि पाठवून दिलं.

दोन दिवसांनी पुण्याच्या कंपनीतल्या बाईंचा फोन आला. "मॅडम, तुम्ही जसं बोलता तसं का नाही लिहिलंत? असं लिहिणारे आमच्याकडं आहेत."

फोन ठेवल्यावर तिचं तोंड उतरलं होतं. मी म्हणालो, "जाऊ दे, त्यांना भाषेतलं काय कळतंय." मी ते मुद्दाम केलं होतं का? तेव्हा विचारलं असतं तर मी शपथ घेऊन नाही म्हणालो असतो. पण तिला नकार आला हे कळल्यावर माझ्या पोटात कसं गारेगार वाटलं, ते मला अजून आठवतं. संध्याकाळी तिनं आपला मूळ कागद शोधून काढला आणि मला न विचारता त्यांना पाठवला. काम मिळालं.

मग तिनं स्वतःचं चॅनेलही सुरू केलं. त्यात दुसरं काही नव्हतं, ती कागद वाचायची. पीकविम्याची पावती, बियाण्याची पिशवी, पंचनाम्याचा फॉर्म, तहसीलची नोटीस. आधी दोन ओळी जशाच्या तशा वाचायची, मग म्हणायची, "म्हंजे का, तं…" आणि सांगायची. एम.ए.ला आम्हाला कवितेचा अर्थ लावायला शिकवलं होतं: कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, काय सांगायचं टाळतंय. ती तेच कागदाला लावत होती. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला खूप लागलं, कारण त्या पेपरात मला वर्गात सर्वांत जास्त मार्क होते.

आमच्या घरमालकांचा गाद्या-रजया भरायचा धंदा. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. रस्त्याच्या आवाजानं तिचं रेकॉर्डिंग बिघडतं हे कळल्यावर ते स्वतः चार गाद्या घेऊन वर आले. "दीवार को लगा दे, बेटी. आवाज अंदर नहीं आयेंगी." आमच्या दोन खोल्यांतली एक गाद्यांनी भरली. दारावर तिनं चिठ्ठी लावली, 'काम चालू आहे.' ती चिठ्ठी असेपर्यंत मी कुकर लावायचा नाही, आमच्या शाळकरी मुलीला ओरडायचं नाही, मोठ्यानं वाचायचं नाही.

तिच्या खात्यात पहिल्यांदा पैसे आले, तेव्हा तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. मी पाहिलं आणि "छान" म्हणालो. माझे कॉलेजचे पैसे पाच महिन्यांपासून अडकले होते. त्या आठवड्यात तिनं मुलीच्या शाळेची फी भरली आणि मला चपला आणल्या. चपला चांगल्या होत्या. मी त्या महिनाभर घातल्या नाहीत.

कॉलेजात एक विद्यार्थी तासानंतर मागं मागं आला. मला वाटलं, काही शंका असेल. "सर, ताईचा नंबर भेटन काय? आमच्या बाबाले विम्याचं विचारा लागते." प्राचार्यांनी एका कार्यक्रमात बाहेरच्या पाहुण्यांशी माझी ओळख करून दिली ती 'त्या व्हिडिओवाल्या मॅडमचे मिस्टर' अशी. पाहुणे खूश झाले. माझा विषय कोणता, हे त्यांनी विचारलं नाही.

मी तिचे व्हिडिओ ऐकत नाही असं तिला वाटायचं. मी सगळे ऐकायचो. कॉलेजच्या ग्रंथालयात शेवटच्या टेबलावर बसून, कानात वायर घालून. आणि चुका मोजायचो.

असाच एकदा मी खोट्या नावानं खातं उघडलं. नाव ठेवलं 'एक मराठीप्रेमी'. तिच्या व्हिडिओखाली लिहिलं: 'आपली माहिती उपयुक्त आहे, परंतु आपली भाषा अत्यंत अशुद्ध आहे. पाण्याला पानी म्हणणाऱ्या व्यक्तीने जाहीर व्यासपीठावर येण्यापूर्वी किमान व्याकरणाचा अभ्यास करावा, ही नम्र विनंती.'

तास घेऊन परत येईपर्यंत लोक माझ्यावर तुटून पडले होते. 'काऊन बे, तुले का करा लागते? आमाले समजते ना.' 'पानी म्हना नाई तं पाणी, वावरात येते ते एकच.' 'सायेब, एक दिवस कापूस येचाले या, मंग शिकवा.' सगळ्यांच्या खाली तिचं उत्तर होतं. 'कोनी भांडू नका. दादाचं बरोबर हाय. मी मराठीच शिकली हाय, पन घरी बोलते तशीच इथं बोलते. दादा, चुकलं तं सांगत जा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चहाचा कप माझ्यापुढं ठेवला आणि समोर बसली. एरवी ती अशी बसत नाही.

"जाहीर व्यासपीठ असं कोन लिहिते हो आजकाल?"

मी कप उचलला.

"माझ्या प्रबंधावर तुम्ही लिहिलं होतं, किमान व्याकरणाचा अभ्यास करावा. लाल पेनानं. मोबाइलात अक्षर दिसत नाही, पन मानूस दिसते."

तिचे डोळे भरले नव्हते, आवाजही चढला नव्हता. "तोंडावर सांगतलं असतं तं आयकलं असतं मी. आतापर्यंत तुमचंच आयकत आली ना." उठताना ती म्हणाली, "आता माझं काही तपासू नका."

पुढं तिनं मला काही दाखवलं नाही, मीही काही विचारलं नाही. मी ती टिप्पणी काढली नाही आणि तिनंही काढली नाही.

त्यानंतरच्या हंगामात कापूस वेचणीला आला असताना दोन दिवस अवकाळी पाऊस पडला. फुटलेला कापूस झाडावरच भिजून लोंबला. ज्यांनी विमा काढला होता त्यांनी नुकसान झाल्यापासून बहात्तर तासांच्या आत कंपनीला कळवायचं, असा नियम. तिचा फोन सारखा वाजत होता. घरी मुलीला ताप, मुलीचा ताप तिला आलेला. तशातच गाद्यांच्या खोलीत जाऊन तिनं घाईघाईत व्हिडिओ केला आणि येऊन पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो स्टाफरूममध्ये ऐकला. तिनं नियम बरोबर वाचला. मग म्हणाली, "म्हंजे का, तं नुकसान झालं का तीन दिवसानं कंपनीले कळवा."

मी तो पुन्हा लावला. 'दिवसात' नव्हे, 'दिवसानं'. एका प्रत्ययाचा फरक. 'तीन दिवसात' म्हणजे त्याच्या आत, 'तीन दिवसानं' म्हणजे ते उलटून गेल्यावर. तापात जीभ घसरली होती. वर वाचलेल्या बहात्तर तासांकडं कुणाचं लक्ष जाणार? लोक तर 'म्हंजे का'च्या पुढचंच ऐकायचे.

मला पहिल्यांदा काय वाटलं, ते लिहायचंच आहे. आनंद झाला. इतके महिने शोधत होतो ते सापडलं होतं, आणि ही 'पानी'सारखी चूक नव्हती, खरी चूक होती. लोकांना आता कळेल, असं मनात आलं. काय कळेल आणि ते कळण्यासाठी कुणाचं काय जाईल, हा विचार त्यानंतर आला. आला तेव्हा मी त्याला उत्तर दिलं: माझं काही तपासू नका, असं तिनंच सांगितलंय.

मी वर्गात गेलो, चांगलं शिकवलं. घरी आलो. ती पांघरूण घेऊन पडली होती. मी तिच्या कपाळावर हात ठेवला, खिचडी टाकली, दोघींना भरवली. तिचा फोन बंद करून उशाशी ठेवला, म्हणजे तिची झोप मोडायला नको. असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात आमचा शिपाई चहा घेऊन आला. त्याचा धाकटा भाऊ शेती पाहतो. "सर, भावाचा सारा कापूस भिजला. तो कालच कंपनीले फोन लावून राह्यला होता. म्या म्हनलं, थांब. मॅडमनं तीन दिवसानं सांगतलं. मॅडम म्हनते तं तसंच असन." त्यानं बशी नीट पुसून माझ्यापुढं ठेवली. तिच्यामुळं माझीही बशी तो पुसून ठेवत असे.

मी उठलो. "आत्ता लाव म्हणावं फोन. आत्ता. वाट पाहू नको." त्यानं मोबाइल काढला. मी व्हरांड्यात जाऊन घरी फोन केला. मुलीनं उचलला. तिला म्हणालो, आईला दे.

"व्हिडिओत चूक आहे. तू 'दिवसानं' म्हणालीस. 'दिवसात' हवं होतं."

तिनं तो लावलेला मला पलीकडून ऐकू आला. मग "अगं माय!" आणि फोन बंद.

मी सुट्टी टाकून घरी आलो तेव्हा जुना व्हिडिओ तिनं काढला होता, नवा टाकला होता आणि शाल गुंडाळून एकेकाला फोन लावत होती. चाचा खालची गिऱ्हाइकं सोडून आले होते. आपल्या जातभाईंतल्या शेतकऱ्यांना ते फोन करत होते. तिनं माझ्याकडं न पाहता नंबरांचा एक कागद सरकवला.

मी पहिला नंबर लावला. "नमस्कार. पीकविम्यासंदर्भात एक महत्त्वाची दुरुस्ती कळवायची होती…"

"कोन? ब्यांकेतून बोलता काय? नाई पायजे," आणि फोन कट. दुसऱ्यानंही तेच केलं. तिसऱ्याला मी म्हणालो, "आयका, ठेवू नका. मी देऊळघाटचा जवाई बोलून राह्यलो. त्या कागदवाल्या बाईचा नवरा. विम्याचं आजच्या आज कळवा लागते, तीन दिवसाच्या आत. उद्या चालनार नाई."

"हाव का? बरं झालं सांगतलं बापा," तो म्हणाला.

दिवे लागेपर्यंत मी तसंच बोलत होतो. कितीतरी वर्षांनी सलग इतका वेळ.

नंबर संपले. चाचा खाली गेले. तिनं मोबाइल मांडीवर ठेवला. "तुम्ही कवा आयकला तो व्हिडिओ?"

खोटं बोलता आलं असतं. आज सकाळी, म्हणालो असतो तर तिनं मानलं असतं.

"काल सकाळी."

"काल सकाळी," ती म्हणाली. "मंग माझ्या डोक्यावर हात ठेवला, तवा तुमाले माहीत होतं?"

"हो."

"खिचडी टाकली तवा?"

"हो."

ती मुलीजवळ जाऊन निजली. पुढं कित्येक दिवस आम्ही कामापुरतं बोललो. मीठ कुठं आहे, शाळेची बस गेली का, एवढंच.

बहुतेकांना वेळेत कळवता आलं होतं. काही जणांचा दिवस हुकला. त्यातला एक साखरखेर्ड्याचा, माझ्याच गावचा, आमच्या शेताच्या बांधाला ज्याचा बांध लागतो तो. मी त्याला भेटायला गेलो. शिव्या ऐकायची तयारी करून गेलो होतो. तो म्हणाला, "जाऊ द्या हो सर. कळवलं असतं तरी कवा भेटलं असतं!" आणि मला चहा पाजला. चूक कुणी दाबून ठेवली होती, हे मी त्याला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

तिनं मात्र कॅमेऱ्यापुढं बसून सांगितलं. "मी चुकीचं बोलली. ज्यायचं नुकसान झालं त्यायची मी गुन्हेगार हाय. चूक माझी हाय." माझा त्यात उल्लेख नव्हता. खाली लोकांनी लिहिलं: 'ताई, चूक कबूल करनारं मानूस पह्यल्यांदा पाह्यलं.' मी ते वाचलं आणि मला तिच्या त्या माफीचासुद्धा हेवा वाटला. अपराध माझा, आणि त्याबद्दल लोक जीव लावत होते तिला.

एका दुपारी तिनं एक छापील परिपत्रक माझ्यापुढं टाकलं. "आजपासून रेकॉर्डिंगच्या आधी कागद तुम्ही वाचान. टाकायच्या आधी मी बोललेलं तुम्ही आयकान. चूक असली तं तोंडावर सांगान, आन् त्याच घटकेले."

"तुझा माझ्यावर विश्वास आहे अजून?"

"नाही," ती म्हणाली. "पन तुमच्या कानावर हाय."

तेव्हापासून हे चाललंय. कॉलेजात मराठीला पोरं येईनाशी झाली तशी माझे तास घटत गेले. आता आठवड्यातून दोनदा जातो, बाकीचे दिवस घरी कागद वाचतो. कायद्याच्या कागदात एकाच वाक्यात तीन 'परंतु' असतात, ते सोडवून देणं मला तिच्यापेक्षा चांगलं जमतं. तीही तसं म्हणते. मी सोडवून दिलं की ती ते घेऊन गाद्यांच्या खोलीत जाते आणि तीन आखूड वाक्यांत सांगते, आणि मी बाहेर बसून पुन्हा पुन्हा मनाशी म्हणतो, हे मला का सुचलं नाही. तिच्या त्या वाक्यांत आता मी काही बदलत नाही. एकदा तिनं 'पाणी' असा उच्चार केला, मुद्दाम माझ्यासाठी असेल. मी म्हणालो, "पुन्हा घे. तुझं नाही वाटत."

मागच्या महिन्यात साखरखेर्ड्याला एका लग्नाला गेलो होतो. मांडवात एक म्हातारबुवा माझ्याजवळ सरकले. "तुमी त्या कागदवाल्या बाईचे मालक ना?"

"हो."

"मंग तुमी का करता?"

"ती बोलते ते सगळ्यांच्या आधी मी ऐकतो. चुकलं तर सांगतो."

बुवांनी विचार केला. "म्हंजे बसूनच राहता," ते म्हणाले.

मला भयंकर राग आला. सेटची परीक्षा, एम.ए.चा पहिला नंबर, तीन 'परंतु', सगळं त्यांना सांगावंसं वाटलं. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून तिनं हाक मारली, "अहो, पंगत बसून राह्यली, चला." बुवा तिच्याकडं पाहून दोन्ही हात जोडून उभे राहिले. मी त्यांच्यामागून जाऊन पंगतीत बसलो.